माश्यांना सांगितलेलं नाव

फेलिम क्रीडन हा छत्तीस वर्षांचा, सहा फूट उंच, डेअरीत हिशेबनीस असलेला माणूस बुधवारी दुपारी चार वाजता आत्याच्या परसात एका लाकडी पेटीसमोर गुडघे टेकून बसला होता, आणि आपल्या मुलीचं नाव काय हे त्या पेटीला सांगायची त्याच्यावर वेळ आली होती. पेटीत वीस-तीस हजार मधमाश्या होत्या. त्यांची त्याला भीती वाटत होतीच, पण खरी अडचण वेगळी होती. मुलीचं नाव अजून ठरलेलंच नव्हतं.

कूलग्लास गावात कोणाच्या घरात जन्म झाला, लग्न ठरलं किंवा कोणी गेलं, की ते आधी माश्यांना सांगायचं आणि मग पोस्टात. ज्याच्या घरी पेट्या आहेत त्याला यातून सुटका नाही. सांगितलं नाही तर माश्या रुसतात, आणि फारच मनाला लावून घेतलं तर घर सोडून जातात. फेलिमचे वडील वारले तेव्हा गडबडीत हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि आठवड्याच्या आत दोन पेट्या ओस पडल्या. आत्या अजूनही त्या दोन पेट्यांबद्दल भावाइतकीच हळहळते.

ही आत्या म्हणजे फेलिमच्या वडिलांची थोरली बहीण. वय त्र्याहत्तर, लग्न केलेलं नाही, आणि आई गेल्यावर चार वर्षांच्या फेलिमला तिनेच वाढवलेलं. पाच पेट्या ती उघड्या हातांनी सांभाळायची. जाळी नाही, हातमोजे नाहीत. साठ वर्षांत तिला एकदाही माशी चावली नव्हती. "ओळखीच्या माणसाला कोणी चावतं का," असं ती म्हणे. त्या आठवड्यात तिचा गुडघा सुजला होता, म्हणून तिने घराची किल्ली फेलिमच्या हातात ठेवली होती. किल्लीने पेटीवर तीनदा टकटक करायचं आणि वाकून सांगायचं, अशी रीत.

फेलिमने टकटक केली. "मुलगी झालीय," तो पेटीला म्हणाला. "गेल्या गुरुवारी. दोघी बऱ्या आहेत."

"नाव सांगितलंस का रे?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला.

"सांगतोच आहे."

"नाव सांग. नुसतं मुलगी झाली म्हटलं तर कोणाची कोण, त्यांना काय कळणार?"

तेवढ्यात एक माशी फेलिमच्या कॉलरवर बसली आणि चालत चालत आत जायला निघाली. त्याची पाचावर धारण बसली. घरी बायकोने पाकिटाच्या पाठीवर आठ नावं लिहून ठेवली होती. त्यातलं एकही त्याला आठवेना. जगात बायकांना नावं असतात, एवढंच काय ते आठवत होतं. आणि मग लहानपणापासून रोज कानावर पडलेलं जे नाव तोंडाला आलं, ते तो बोलून बसला.

"गॉबनेट," फेलिम म्हणाला.

माशी उडून गेली. तो उठून वळला, तर फुशियाच्या झुडपांच्या कुंपणाशी काठी टेकून आत्या उभी. खिडकीतून तिथवर ती त्या गुडघ्याने कधी आली, कळलं नाही. तिचे डोळे भरले होते. ॲप्रनने डोळे पुसून ती म्हणाली, "बरं. बाकीच्या चार पेट्या राहिल्यात."

आता आत्या ऐकत उभी असताना दुसऱ्या पेटीला वेगळं नाव कसं सांगणार? फेलिमने निमूटपणे उरलेल्या चारी पेट्यांना तेच सांगितलं. आत्याचं नाव गॉबनेट होतं, हे वेगळं सांगायला नकोच.

*

या नावाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. दोन डोंगर ओलांडले की त्या नावाच्या संतिणीचं स्थान आहे. तीही माश्या पाळायची, गुरं चोरायला आलेल्यांच्या अंगावर पेट्या सोडायची. त्यामुळे आत्याच्या पिढीत घरटी एक गॉबनेट होती. हाक मारली की चार घरांतून "ओ" यायची. पण पुढच्या पिढीत हे नाव असं आटलं, की गावच्या चर्चमध्ये गॉबनेट नावाने बाप्तिस्मा झालेली शेवटची मुलगी चाळीस वर्षांपूर्वीची होती, आणि ती बोस्टनला गेल्या गेल्या डेबी झाली. नाव जुनं, पवित्र, मानाचं. सगळ्यांना त्याचा अभिमान होता आणि कोणालाही ते आपल्या घरात नको होतं.

फेलिम घरी पोचला तेव्हा त्याची बायको नेसा बाळाला खांद्यावर घेऊन त्याचा ढेकर काढत होती.

"सांगून आलास माश्यांना?"

"आलो."

"काय सांगितलंस?"

"मुलगी झाली म्हणून. आणि नाव."

"कोणतं नाव?"

"एक नाव."

"फेलिम."

"गॉबनेट," फेलिम म्हणाला.

नेसा ओरडली नाही. तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ओरडली असती तर परवडलं असतं.

"म्हणजे हिचं नाव तू माश्यांना सांगितलंस. आईला सांगायच्या आधी."

"तुझ्या आईला मी संध्याकाळी पत्र..."

"माझ्या नाही. हिच्या आईला. मला."

फेलिमने कॉलरवरच्या माशीपासून आत्याच्या डोळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. "आता मोडलं तर तिच्या काळजाला घरं पडतील गं. मला वाढवलंय तिने. आणि सांगितलेलं नाव फिरवलं तर पाची पेट्या रिकाम्या होतील ते वेगळंच. तिला दुसरं आहे कोण? मी आणि त्या माश्या."

नेसा वॉटरफर्डची. तिकडे पहिल्या मुलीला आजीचं नाव द्यायची पद्धत होती, पण नेसाच्या आईने, म्हणजे आजीबाई कॉन्सेप्टा यांनी, स्वतःच पत्र लिहून कळवलं होतं की माझं नाव माझ्याबरोबर जाऊ दे. त्यामुळे मैदान मोकळं होतं, आणि पाकिटावरच्या आठ नावांत सोर्खा या नावाखाली नेसाने दोन रेघा मारल्या होत्या.

"मला आत्या आवडतात," नेसा म्हणाली. "हिच्यासाठी त्यांनी शाल विणली, मला रोज सूप पाठवतायत. पण नावाची गोष्ट वेगळी. माझं काय झालं, माहीत आहे ना तुला?"

फेलिमला माहीत होतं. नेसा अकरा वर्षांची असताना मास्तरणीने वर्गात सगळ्यांच्या नावांचे अर्थ सांगितले होते. कोणी राजकन्या निघाली, कोणी फूल निघालं. नेसाची पाळी आली तेव्हा कळलं, की ही नेसा म्हणजे जुन्या गोष्टीतली एक राणी. आधी तिचं नाव "नरम" असं होतं, मग तिने तलवार हातात घेतली आणि नाव पडलं "नरम नसलेली". शाळा संपेपर्यंत वर्गात कोणी नेसाच्या शेजारी बसताना "चावणार नाहीस ना?" असं विचारूनच बसायचं.

"माझ्या मुलीला आपल्या नावाचा अर्थ वर्गात उभं राहून कळता कामा नये," नेसा म्हणाली. "घरातून निघतानाच ठाऊक हवा. सोर्खा म्हणजे उजेड, शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गॉबनेटचा अर्थ सांग."

"ती संतीण होती. देवदूताने तिला सांगितलं, की नऊ पांढरी हरणं दिसतील तिथे..."

"गोष्ट नको. अर्थ."

बत्तीस वर्षं फेलिम त्या नावाच्या बाईच्या हातचं जेवला होता, पण हा प्रश्न त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता.

"रविवारी बाप्तिस्मा आहे," नेसा म्हणाली. "शनिवार रात्रीपर्यंत मला अर्थ आणून दे. फार चांगला नसला तरी चालेल. पण एकच आण. मग खुशाल ठेवू."

एक अर्थ आणायचा, यात काय मोठंसं, असं फेलिमला वाटलं. हेच त्याचं चुकलं.

*

गुरुवारी डेअरीतून सुटल्यावर तो फादर केलहरांकडे गेला. फादर जाडजूड, प्रेमळ आणि कोणालाही नाही न म्हणणारे.

"गॉबनेट?" फादर म्हणाले. "सोपं आहे. आपल्या जुन्या भाषेत लोहाराला जो शब्द, त्यावरूनच ते. लोहाराची लेक. खणखणीत नाव आहे. ठेव बिनधास्त."

"नक्की ना, फादर?"

"अरे, मी काय आज पाद्री झालोय?"

फेलिम शीळ घालत घरी आला. "लोहाराची लेक," तो नेसाला म्हणाला.

नेसाने विचार केला. "वाईट नाही," ती म्हणाली. "डेअरीतल्या माणसाची लेक लोहाराची कशी, हे एक सोडलं तर."

पण शुक्रवारी सकाळी दुकानवाली डिली किराणा द्यायला व्हॅन घेऊन आली, आणि पीठ ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "नेसा, नावाचं ऐकलं हो. फादर केलहर म्हणत होते काल रात्री, गॉबनेट म्हणजे चोच."

"काय?"

"चोच. पक्ष्याची असते तशी. किंवा मग नुसतंच तोंड. मोठं तोंड. फादरनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

"कोणाला सांगितलं?"

डिलीला एकाएकी आठवलं की व्हॅनमध्ये लोणी वितळतंय, आणि ती गेली.

दुपारी जेवायला आलेल्या फेलिमसमोर नेसाने सूप ठेवलं आणि म्हणाली, "तुझी लोहाराची लेक पक्षी झाली."

फेलिमला काही उमगेना. ज्या माणसाने गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता लोहार सांगितला, त्यानेच रात्री चोच कशी सांगितली? संध्याकाळी तो मास्तर ट्वोमींकडे गेला. मास्तर निवृत्त झाले होते आणि आत्याच्या वर्गातले होते. त्यांच्याकडे नावांची तीन पुस्तकं होती. टेबलावर पुस्तकांशेजारी मधाची एक बरणी होती, ताजी, कापडाने तोंड बांधलेली.

"हे पहिलं पुस्तक म्हणतं, लोहार," मास्तर म्हणाले. "हे दुसरं म्हणतं, तोंड, चोच. आणि हे तिसरं म्हणतं की पहिली दोन लिहिणारी माणसं गाढव आहेत."

"मग तिसऱ्याचं म्हणणं काय?"

"त्याचं म्हणणं एवढंच. आता आणखी ऐक. राज्य इंग्रजांचं होतं तेव्हा कारकुनांना हे नाव लिहिता येईना. कोणी वहीत ॲबिगेल लिहिलं. त्याचा अर्थ बापाचा आनंद."

"बापाचा आनंद. हे छान आहे की, मास्तर."

"छान आहे, पण ते ॲबिगेलचं झालं. कोणी डेबोरा लिहिलं. म्हणजे मधमाशी."

"मधमाशी! मास्तर, मग हेच. माश्यांची संतीण, माश्यांची आत्या, सगळं जुळतं."

"जुळतं, पण ते डेबोराचं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी फेलिमच्या खांद्यावर हात ठेवला. "तू माझं ऐक. चोचच खरं. शाळेत पोरं तिला चोच म्हणतील. कावळी म्हणतील. मी चाळीस वर्षं पोरं शिकवलीत, मला माहीत आहे ती काय चीज असतात. हे नाव ठेवू नकोस."

असं म्हणताना मास्तरांचा दुसरा हात मधाच्या बरणीवर होता. फेलिमला वाटलं, म्हातारपणी माणसाला गोडाची ओढ लागते.

शनिवारी सकाळी तो पुन्हा फादरकडे गेला. फादर त्याला बघून जरा दचकले. त्यांच्या टेबलावरही तसलीच बरणी होती आणि फादर स्कोनला, म्हणजे छोट्या गोल पावाला, मध लावत होते.

"फादर, लोहार की चोच?"

"अरे, शब्द चौदाशे वर्षांचा आहे," फादर म्हणाले. "चौदाशे वर्षांत लोहाराचं काय होईल, चोचीचं काय होईल, कोण सांगणार? संतीणबाईंना जाऊन विचारायची सोय नाही."

"पण गुरुवारी तुम्ही..."

"गुरुवारी संध्याकाळी लोहार होता. रात्रीपासून माझा कल चोचीकडे आहे. घे, स्कोन घे, मध लाव."

फेलिमने स्कोन खाल्ला. मध ओळखीचा लागला, पण डोक्यात चोची आणि लोहार यांची अशी हाणामारी चालली होती, की जिभेचं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

*

आता घोडं कुठे पेंड खातंय हे त्याला कळेना, तेव्हा त्याने ठरवलं की ज्या बाईचं नाव तिलाच विचारू. पण सरळ विचारायची त्याची छाती नव्हती. नेसाला नाव पटत नाही म्हणून अर्थ शोधतोय, असं म्हणणार कसं? आणि तसंही कूलग्लासमध्ये सरळ विचारायची चाल नाही. तिथली माणसं ताकाला जातात आणि भांडं तर लपवतातच, पण आपण चालत आलो हेही कबूल करत नाहीत.

आत्या खुर्चीत पाय वर करून बसली होती. तिने चहा ओतला. दोघं हवेबद्दल बोलले. मग गुडघ्याबद्दल बोलले. मग पुन्हा हवेबद्दल बोलले.

"नावाचं काय म्हणतेय नेसा?" आत्याने कपात बघत विचारलं.

"नेसा ना? खूश आहे."

"खरंच? मला वाटलं, तिला ते उजेडाचं काहीतरी आवडलं होतं. सोर्खा."

"छे. तुझंच आवडलंय तिला. फार आवडलंय. उठता-बसता तेच."

आत्याने दीर्घ श्वास सोडला. फेलिमने तो सुखाचा धरला.

"लोक काय काय अर्थ सांगतात म्हणे त्याचे," आत्या म्हणाली. "चोच वगैरे. ऐकलं असेल तिने."

"ऐकलंय. तिला काही वाटत नाही."

"चोच ऐकूनसुद्धा?"

"चोच तर तिला विशेष आवडली."

आत्याने कप खाली ठेवला. मग उठून तिने फडताळातून निळी फीत काढली. फेब्रुवारीत संतिणीच्या सणाला मूर्तीच्या उंचीइतकी मापून आणलेली. अशी फीत आजाऱ्याच्या, बाळंतिणीच्या, तान्ह्या मुलाच्या अंगाला लावतात. "उद्या बाळाच्या शालीला बांध," ती म्हणाली. तिचा आवाज जरा घोगरा झाला होता. "नेसा एवढी खूश असेल, तर मग झालं. मी कोण बोलणार?"

फेलिम घरी आला तेव्हा नेसाने विचारलं, "अर्थ?"

"लोहार. चोच. बापाचा आनंद. मधमाशी. शेवटचे दोन दुसऱ्याच नावांचे आहेत."

"एक ना धड भाराभर चिंध्या," नेसा म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आत्यांकडे गेला होतास ना? कशा आहेत?"

"काय सांगू, आनंदाने तिला बोलवेना. ही बघ फीत. डोळ्यांत पाणी, घसा दाटलेला. उद्या काय वाट्टेल ते झालं तरी ती बाप्तिस्म्याला बाळाची धर्ममाता म्हणून उभी राहणार आणि मला तिच्याकडे बघवणार नाही."

नेसाने फीत बोटांना गुंडाळली आणि सोडली. "अर्थ एकच आण म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "तो आला नाही. तेव्हा सोर्खा. आत्यांना उद्या मिसाच्या प्रार्थनेआधी तू स्वतः सांगायचंस. मी नाही."

फेलिम त्या रात्री नीट झोपला नाही. नेसाही झोपली नाही, पण एकमेकांना त्यांनी तसं कळू दिलं नाही.

*

रविवारी चर्चच्या भिंतीपाशी त्याने आत्याला गाठलं. तिने ठेवणीतला कोट घातला होता, टोपीला फूल लावलं होतं. फेलिमने हात मागे बांधले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलायला सुरुवात केली.

"आत्या, मी खोटं बोललो. नेसाला ते नाव नकोय. माश्यांसमोर माझ्या तोंडून चुकून गेलं. कॉलरवर माशी होती. मला माफ कर, आणि नेसावर राग धरू नकोस."

आत्याने काठी भिंतीला टेकवली.

"म्हणजे तिला नकोय?"

"नकोय."

"चोच ऐकल्यावर तर नाहीच, असंच ना? म्हणजे चोच लागू पडली होती?"

"पडली होती. पण म्हणजे काय?"

"मेल्या," आत्या म्हणाली, "मग तीन दिवस मी हा सुजका गुडघा घेऊन डिलीच्या व्हॅनमधून बटाट्यांवर बसून कशाला हिंडले? ट्वोमीला दोन बरण्या दिल्या, फादरला तीन. म्हटलं, काहीही करा पण असा अर्थ काढा की पोरीची आई ऐकून हातच जोडेल. आणि काल तू येऊन सांगतोस, चोच विशेष आवडली!"

फेलिमने मागे बांधलेले हात सोडले. "तुलाही नको होतं?"

"त्र्याहत्तर वर्षं वागवलंय ते नाव. कॉर्कला दवाखान्यात गेले तर नर्स दोनदा विचारते आणि तिसऱ्यांदा हसते. त्या तान्ह्या जिवाच्या गळ्यात कशाला घालू? पण तुम्ही दोघांनी हौसेने ठेवलंय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

"आणि माश्या? त्यांना तर सांगून झालंय."

"त्याच संध्याकाळी मी जाऊन त्यांना सांगितलं, की या गाढवाचं मनावर घेऊ नका, पक्कं नाव रविवारी कळवते."

फेलिमच्या छातीवरून धोंडा उतरला. मग त्याला काहीतरी आठवलं. "पण त्या दिवशी कुंपणापाशी तू रडत होतीस."

"रडतेय कशाला? माशी चावली होती," आत्या म्हणाली. "चल, घंटा झाली. नेसाला सांग, सोर्खा. माझा आशीर्वाद आहे."

फेलिम धावला. पण मिसाला आलेली सगळी मंडळी बाळ बघायला दारात दाटली होती, आणि त्यांच्यातून वाट काढत तो नेसापर्यंत पोचला तोवर फादर केलहर पुस्तक उघडून उंबरठ्यावर उभे होते. रीत तशीच आहे. बाळाला आत घ्यायच्या आधी दारातच विचारतात.

"या बालकाला तुम्ही काय नाव देता?" फादरनी विचारलं.

फेलिमने तोंड उघडलं. पण नेसाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. काठी टेकत पायरी चढणाऱ्या आत्याकडे ती बघत होती. टोपीवरचं फूल हलत होतं, आणि गुडघ्यामुळे म्हातारीचं तोंड वेदनेने वाकडं झालं होतं. नेसाने रात्रभर कुशीवर वळत जे ठरवलं होतं ते तिने मान ताठ करून, आत पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"गॉबनेट."

फादर पुस्तकावरून बघत राहिले. तीन बरण्यांचा भार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. "नक्की?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न पुस्तकात नाही.

"नक्की," नेसा म्हणाली.

फादरनी आत्याकडे पाहिलं. आत्याने छताकडे पाहिलं. छत नुकतंच रंगवलं होतं. सगळे आत निघाले. "नेसा," फेलिम कुजबुजला, "अगं, तिला नकोय." नेसा म्हणाली, "गप. मला माहीत आहे मी काय करतेय." वाचन चाललं असताना तो पुन्हा झुकला, "अगं, तिनेच फादरना मध दिला." नेसाने त्याच्या पायावर पाय दिला. तिला वाटलं, नवरा आपली परीक्षा बघतोय. फेलिमने मग आत्याच्या कोपराला हात लावून खुणावलं, की तू तरी बोल. आत्याने एकदा नेसाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या शालीवर बांधलेल्या निळ्या फितीकडे पाहिलं आणि ओठ मिटले. भरल्या चर्चमध्ये एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू नको म्हणायला कूलग्लासमध्ये अजून कोणी शिकलेलं नाही.

पाणी डोक्यावर पडलं. गॉबनेट क्रीडन हिने भोकाड पसरलं. तिचं तोंड मोठं होतं यात शंका नव्हती.

*

सगळा उलगडा आत्याच्या स्वयंपाकघरात, चहाच्या दुसऱ्या किटलीवर झाला. फेलिम सांगत होता, आत्या मध्ये मध्ये दुरुस्त करत होती, आणि नेसा मांडीवर बाळ घेऊन एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

"म्हणजे," नेसा शेवटी म्हणाली, "तुम्हाला नको होतं, मला नको होतं, आणि याने चुकून म्हटलं होतं."

"माशी होती कॉलरवर," फेलिम म्हणाला.

"आणि माझ्या मुलीला आता जन्मभर..."

फेलिमला वाटलं, आता नावाप्रमाणे तलवार निघणार. पण नेसाच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिचं बघून आत्या हसायला लागली आणि बाळ दचकून जागं झालं.

"शाळेत विचारलं तर काय सांगायचं हिने?" नेसाने डोळे पुसत विचारलं.

"सांगायचं, आत्याचं नाव आहे," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी एवढाच अर्थ असायचा."

नेसाने बाळाच्या शालीवरची निळी फीत सरळ केली. हा पाचवा अर्थ कोणत्याच पुस्तकात नव्हता, पण तो एकच होता.

आत्या काठी घेऊन उठली. माश्यांना रविवारचा वायदा होता. फेलिम तिच्या मागे परसात गेला, पण हुशारीने चार हात लांब उभा राहिला. आत्याने पहिल्या पेटीवर किल्लीने तीनदा टकटक केली आणि वाकली.

"गॉबनेट," ती पेटीला म्हणाली. "हो, तेच. तो म्हणाला होता तेच. पुन्हा विचारू नका." मग ती जराशी थांबली आणि हलक्या आवाजात तिने ते नाव पुन्हा एकदा म्हटलं, एकदा म्हणून भागण्यासारखं असताना.

माश्या तिच्या मनगटावरून, बोटांवरून चालत होत्या. एक तिच्या गालावर बसली, डोळ्याच्या अगदी खाली, आणि आत्याने तिला हाकललंही नाही. फेलिम बघत होता. बत्तीस वर्षं तो हे बघत आला होता.

"आत्या," तो म्हणाला, "बुधवारी तुला माशी चावली म्हणालीस. कुठे चावली होती?"

आत्याने मागे वळून पाहिलं नाही. ती दुसऱ्या पेटीकडे निघाली होती.

"तू आत जा," ती म्हणाली. "चहा निवतोय."